नस बधिर झाली तर हाड का मोडतं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५६ वर्षांचे, सोलापुरात यंत्रमागावर काम करतात. शुगर १४ वर्षांपासून. गेली दोन-तीन वर्षं तळपाय बधिर आहेत, रात्री मुंग्या येतात. कोजागरीला नेहमीप्रमाणे तुळजापूरला अनवाणी चालत गेले. दहा-बारा दिवसांनी डावं पाऊल सुजलं, लालसर आणि गरम झालं. पडले नाहीत, मुरगळलं नाही, फारसं दुखतही नाही, त्यामुळे कामावर जाणं चालूच आहे. पहिला एक्सरे नॉर्मल आला, जंतुसंसर्ग समजून गोळ्या झाल्या. महिन्यानं काढलेल्या दुसऱ्या एक्सरेत पावलाच्या मधल्या हाडांत तडे दिसले आणि "हे नसांमुळे झालंय" असं सांगण्यात आलं. आता तुमचे प्रश्न तीन: नसांमुळे हाड कसं मोडेल, कॅल्शियम कोणतं द्यावं, आणि पुढच्या वर्षी चालत जाता येईल का.

तिन्हींची उत्तरं देतो. पण त्याआधी तुम्ही न विचारलेल्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर, कारण खरी अडचण तिथं आहे: वडील आज त्या पायावर उभे आहेत का? असतील, तर हे वाचून संपवण्याआधी त्यांना बसवा. मधुमेही माणसाचं एक पाऊल सुजलेलं, गरम आणि त्या मानानं न दुखणारं असेल, तर आत हाड मोडत आहे असंच धरून चालायचं, तपासण्यांनी तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत. या आजाराला शार्को फूट म्हणतात. कॅल्शियमची गोळी दोन आठवडे उशिरा सुरू झाली तर काही बिघडत नाही. त्या पायावर दोन आठवडे जास्त चाललं, तर पावलाची कमान कायमची खाली बसू शकते.

आता नसांकडे येऊ. आपल्याकडे "नस" हा शब्द रक्तवाहिनीलाही वापरतात आणि मज्जातंतूलाही. "नसा दबल्यात", "नसा सुकल्यात" असं ऐकल्यावर पुष्कळांना रक्ताभिसरणाचा दोष वाटतो. इथं नस म्हणजे मज्जातंतू, मेंदूकडे निरोप नेणारी आणि तिथून आणणारी तार. तुमच्या वडिलांच्या पायातला रक्तपुरवठा उलट भरपूर असण्याची शक्यता आहे. ते कसं, हे पुढे येईलच.

हाड म्हणजे चुना-दगड अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात हाड सतत खणलं आणि भरलं जातं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड खातात, ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी तिथं नवं बांधतात. एका जागेवर खाण्याचं काम दोन ते चार आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र चार ते सहा महिने लागतात. हा फरक लक्षात ठेवा, या आजारात प्लास्टर इतके महिने का ठेवावं लागतं याचं निम्मं उत्तर त्यात आहे. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो.

खाणाऱ्या आणि भरणाऱ्या पेशींचा तोल कोण राखतं? हार्मोन आहेत, ड जीवनसत्त्व आहे, हाडावर पडणारा भार आहे. आणि नसा आहेत. हाडावरच्या पातळ आवरणात, ज्याला पेरिऑस्टियम म्हणतात, संवेदी नसांचं दाट जाळं असतं. नडगीला खाटेची कड लागली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते त्यामुळेच. तिथून बारीक तंतू रक्तवाहिन्यांच्या सोबतीनं हाडाच्या आत, मगजापर्यंत जातात.

या संवेदी तंतूंचं एक काम सगळ्यांना ठाऊक आहे: दुखलं की कळवणं. दुसरं काम फारसं कुणाला माहीत नसतं. हे तंतू आपल्या टोकांतून हाडाच्या आत रसायनं सोडतात. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं सीजीआरपी. ते हाड बांधणाऱ्या पेशींना चालना देतं, खाणाऱ्या पेशी तयार होण्याला आळा घालतं आणि बारीक रक्तवाहिन्या रुंदावतं. म्हणजे एकच तंतू वर मेंदूला निरोप देतो आणि खाली हाडाचं संगोपनही करतो. प्रयोगशाळेत उंदरांना कॅप्सेसिनचे, म्हणजे मिरचीतल्या तिखट द्रव्याचे, मोठे डोस टोचून हे बारीक संवेदी तंतू मारले, तेव्हा त्यांच्या हाडांची आतली जाळी विरळ झाली. खाण्यातल्या तिखटानं असं होत नाही, त्यामुळे घरातली शेंगाचटणी बंद करायचं कारण नाही. २०१३ साली जपानमधल्या एका गटानं उंदरांच्या नसांमधला सेमाफोरिन-३ए हा रेणू काढून टाकला. हाडातलं संवेदी तंतूंचं जाळं विरळ झालं आणि त्याबरोबर हाडही कमी झालं.

दुसऱ्या प्रकारच्या नसा म्हणजे सिंपथेटिक. घाम, रक्तदाब, भीती वाटल्यावर होणारी छातीची धडधड, हे सगळं त्यांच्याकडे. त्या नॉरॲड्रेनालिन सोडतात. हाड बांधणाऱ्या पेशींवर हे रसायन झेलणारी जागा असते, तिचं नाव बीटा-२. तिथं निरोप पोचला की बांधकाम मंदावतं, आणि त्याच पेशी रँक-एल नावाचं प्रथिन जास्त सोडू लागतात. रँक-एल म्हणजे खाणाऱ्या पेशींना मिळालेलं आमंत्रण. हा मार्ग जेरार्ड कार्सेन्टी यांच्या गटानं २००२ आणि २००५ सालच्या प्रयोगांत उंदरांमध्ये दाखवला. तिसऱ्या, पॅरासिंपथेटिक नसांचं ॲसिटिलकोलिन हे याच्या उलट दिशेनं, हाडाच्या बाजूनं काम करतं असं प्राण्यांमधल्या प्रयोगांत दिसलं आहे.

इथं एक शंका रास्त आहे. सिंपथेटिक नसा हाड कमी करतात आणि शुगरनं त्याही मरतात, तर मधुमेह्यांच्या पायाचं हाड वाढायला हवं. तसं होत नाही, कारण पायात या नसांचं आणखी एक काम असतं: रक्तवाहिन्या आवळून धरणं. तो आवळ सुटला की रक्त मोकाट वाहतं, धमनीतून थेट शिरेत उतरू लागतं. पाय गरम राहतो, पावलावरच्या शिरा फुगलेल्या दिसतात, नाडी ठणठणीत लागते. घाम बंद झाल्यामुळे कातडी कोरडी पडून टाचांना भेगा जातात. असा जादा रक्तप्रवाह हाडातला चुना काढून नेतो, असं मानलं जातं. नॉरॲड्रेनालिन कमी झाल्याचा फायदा या गोंधळात कुठल्या कुठे बुडून जातो.

आता हे सगळं तुळजापूरच्या रस्त्यावर ठेवून बघा. सोलापूर ते तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर. पाऊल पाऊण मीटरचं धरलं तर ६० हजार पावलं, म्हणजे प्रत्येक पायावर ३० हजार वेळा अंगाचा पूर्ण भार, तोही अनवाणी, डांबरी रस्त्यावर. निरोगी माणसाच्या पावलातही एवढ्या चालीनं सूक्ष्म तडे पडू शकतात. फरक पुढे होतो. निरोगी माणसाला पाचव्या-दहाव्या किलोमीटरला दुखू लागतं, तो नकळत बाहेरच्या कडेवर भार घेतो, बसतो, टमटम पकडतो. दुसऱ्या दिवशी लंगडतो, आठ दिवस जपून चालतो, तेवढ्यात तडा भरून येतो. तुमच्या वडिलांना हा निरोप मिळालाच नाही. ते चालत राहिले आणि सोमवारी मागावर उभे राहिले.

तडा पडला की तिथं दाह सुरू होतो. दाहातून टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ अशी रसायनं सुटतात आणि ती रँक-एल वाढवतात. खाणाऱ्या पेशी गोळा होतात. एरवी दुखण्यामुळे पाय विसावतो, दाह ओसरतो, आणि सीजीआरपी रँक-एलला लगाम घालतं. इथं नस मेल्यानं दोन्ही गोष्टी गेल्या. विसावा नाही आणि लगामही नाही. हाड मऊ होतं, पुढच्या पावलाला आणखी मोडतं, त्यानं दाह वाढतो, हाड आणखी मऊ होतं. त्यात पावलाचे छोटे स्नायू नसांअभावी वाळलेले असतात आणि वर्षानुवर्षांच्या साखरेनं टाचेमागची शीर ताठ झालेली असते, त्यामुळे भार नेमका पावलाच्या मध्यावर येतो. तुमच्या एक्सरेत तडे तिथेच आहेत, हा योगायोग नाही.

पहिला एक्सरे नॉर्मल का आला, याचंही उत्तर यातच आहे. सुरुवातीचे काही आठवडे हाडाच्या मगजात सूज असते, ती एक्सरेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. त्यामुळे "एक्सरे साफ आहे" याचा अर्थ "हाड साफ आहे" असा या पायात घेता येत नाही.

हे नातं वैद्यकाला नवं नाही. फ्रेंच मज्जातंतुतज्ज्ञ झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ साली हे सांध्यांचं मोडणं वर्णन केलं, तेव्हा ते रुग्ण सिफिलिसनं मज्जारज्जू खराब झालेले होते. मधुमेहाशी संबंध १९३६ साली जोडला गेला. आपल्या देशात हाच धडा कुष्ठरोगानं शिकवला. कुष्ठरुग्णांची बोटं झडतात ती रोगानं सडून नव्हे, तर न जाणवलेल्या जखमा आणि भार यांमुळे, हे पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला काम करताना ठामपणे मांडलं. एमसीआरची, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या रबराची, मऊ चप्पल आज मधुमेह्यांना देतात, ती आधी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी वापरात आली.

नसांचा निरोप तुटल्यानं हाड कसं जातं, ते इतर आजारांतही दिसतं. पाठीचा कणा मोडून पाय लुळे पडले की गुडघ्याजवळची हाडं पहिल्या एक-दोन वर्षांत झपाट्यानं विरळ होतात. अर्धांगवायूनंतर लुळ्या बाजूचा खुबा मोडण्याचं प्रमाण जास्त असतं. तिथं भार नसणं हे मोठं कारण आहे, पण एकमेव नाही. आणि याच्या उलटही घडतं. मनगट मोडून प्लास्टर निघाल्यावर काहींचा हात आठवडेच्या आठवडे सुजलेला, घामेजलेला आणि हात लावू न देण्याइतका दुखरा राहतो. तिथं नसा गप्प नसतात, त्या गरजेपेक्षा जास्त रसायनं ओतत असतात, आणि तरीही एक्सरेत हाड ठिपक्याठिपक्यांनी विरळ दिसतं. हे चित्र १९०० साली जर्मन शल्यविशारद सुडेक यांनी मांडलं. हाडाला नसेचा निरोप हवा असतो आणि तो मापात हवा असतो.

आता काय करायचं. यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधी सांगतो. जखम किंवा छिद्र आहे का, पायाच्या नाड्या लागतात का, मूत्रपिंडं कशी आहेत, आणि हाडं फक्त तडकली आहेत की जागेवरून सरकली आहेत, यावर उपचार बदलतात. हे पाय बघितल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, मीही नाही.

पण घरी दोन तपासण्या आज करता येतील. पहिली स्पर्शाची. वडिलांना डोळे मिटायला सांगा. उजव्या पायाचा अंगठा, मधलं बोट, करंगळी, मग डाव्याची तीच तीन, अशा सहा टोकांवर तर्जनीचं टोक अलगद टेकवा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही, घासायचं नाही. जाणवलं की त्यांनी "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. "कळलं का?" असं विचारू नका, त्यानं आपसूक हो येतं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर संरक्षक संवेदना गेली असं धरा. दवाखान्यात हेच १० ग्रॅमच्या नायलॉन तंतूनं आणि १२८ हर्ट्‌झच्या ट्यूनिंग फोर्कनं जास्त नेमकं बघतात.

दुसरी तपासणी तापमानाची, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. कोविडमध्ये घेतलेली कपाळाला धरायची इन्फ्रारेड बंदूक घरात असेल तर ती काढा. तिला ताप मोजण्याऐवजी पृष्ठभागाचं तापमान दाखवण्याची सोय बहुतेकदा असते, ती निवडा. वडील नुकतेच उन्हातून किंवा न्हाणीतून आलेले नकोत. पायमोजे काढून १५ मिनिटं सावलीत बसू द्या, दोन्ही पाय सारखेच उघडे, एकाच पायावर पंखा नको. मग पावलाच्या वरच्या बाजूला मधोमध, घोट्याच्या आतल्या बाजूला आणि अंगठ्याच्या बुडाशी, दोन्ही पायांवर एकाच अंतरावरून मोजा आणि तारीख घालून लिहून ठेवा. आकडा किती, यापेक्षा दोन पायांतला फरक किती, हे बघायचं. एकाच जागी २ अंश सेल्सिअस किंवा जास्त फरक असेल, तर आत धग चालू आहे. प्लास्टर कधी काढायचं हे पुढे ज्या गोष्टींवर ठरेल, त्यात हाच फरक महत्त्वाचा असतो. दोन्ही पाय एकाच वेळी आजारी असतील तर ही तुलना फसते, हे लक्षात असू द्या.

एका पायाची सूज आणि दोन्ही पायांची सूज यांत गल्लत करू नका. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन आणि मुंग्यांवरची प्रीगॅबालिन या दोन्हींनी पाय सुजतात, पण दोन्ही सुजतात. एकच पाय सुजला असेल तर शार्कोबरोबर तीन गोष्टी नाकाराव्या लागतात: जंतुसंसर्ग, गाऊट आणि पोटरीतल्या शिरेत झालेली रक्ताची गाठ. जंतुसंसर्ग ओळखायला एक साधी खूण मदतीला येते. वडिलांना आडवं करून पाय उशांवर छातीच्या वर पाच-दहा मिनिटं ठेवा. शार्कोची लाली बरीच उतरते, संसर्गाची तशीच राहते. ही खूण पुरावा नव्हे, दिशा दाखवणारी आहे. कातडीला छिद्र असेल, ताप असेल, पू असेल किंवा शुगर अचानक चढली असेल, तर खुणांवर विसंबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

उपचाराचा गाभा एकच: भार काढणं. त्यासाठी गुडघ्याखालपर्यंतचं, पावलाला सगळीकडून टेकणारं, काढता न येणारं प्लास्टर घालतात, त्याला टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतात. मोडलेल्या हाडाच्या नेहमीच्या प्लास्टरपेक्षा हे वेगळं असतं. आत कापूस कमी असतो आणि ते तळव्याच्या आकाराला तंतोतंत बसवलेलं असतं, म्हणजे भार एका जागी न येता पोटरीपर्यंत वाटला जातो. सूज उतरते तसं ते ढिलं होतं आणि ढिलं प्लास्टर बधिर कातडीला घासून जखम करतं. म्हणून पहिलं साधारण तीन दिवस ते आठवड्याच्या आत बदलतात, पुढे दर एक-दोन आठवड्यांनी. "एकदा घातलं, दीड महिन्यानं या" असं सांगितलं गेलं तर नम्रपणे पुन्हा विचारा. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल किंवा मोठा संसर्ग असेल तर हे प्लास्टर घालत नाहीत, म्हणून आधी नाड्या तपासून घ्या.

काढता येणारा बूट चालेल का, असं बहुतेक जण विचारतात. तो काढता येतो, हाच त्याचा दोष. रात्री लघवीला उठताना, देवघरात जाताना, "चारच तर पावलं" म्हणून तो बाजूला राहतो. पाय दुखत नसल्यामुळे आठवण करून देणारं काही नसतं. न काढता येणारं प्लास्टर ही मेलेल्या नसेच्या जागी नेमलेली राखण आहे.

किती दिवस? साधारण तीन ते सहा महिने, काहींना त्याहून जास्त. सूज गेली, दोन पायांतला तापमानाचा फरक लागोपाठच्या भेटींमध्ये २ अंशांच्या आत राहिला आणि एक्सरेत हाडं जुळताना दिसली, की मग प्लास्टर काढून बूट, बुटातून मापानं बनवलेली पादत्राणं, असं हळूहळू उतरायचं. या टप्प्यावर घाई केली की आजार उलटतो, म्हणून बदल केल्यावर पहिले काही आठवडे तापमान रोज मोजा.

घरातली व्यवस्था आधीच करा. वॉकर किंवा कुबड्या हव्यात. भारतीय पद्धतीच्या संडासात प्लास्टरनं बसता येत नाही, बसायचा प्रयत्न केला तर भार पावलावरच येतो, म्हणून खुर्चीचा कमोड आणा. न्हाताना पाय स्टुलावर, प्लास्टिकच्या पिशवीत. दुसऱ्या पायाच्या चप्पलेला तळ वाढवून घ्या, म्हणजे उंची सारखी होईल. तो पाय आता दुप्पट काम करतोय आणि त्याच्याही नसा तशाच आहेत, त्याला रोज संध्याकाळी उजेडात तपासा. प्लास्टरला वास येणं, बाहेर डाग उमटणं, बोटं निळी पडणं, ताप, किंवा खाण्यात बदल नसताना शुगर चढणं, यांपैकी काहीही झालं तर रात्र न काढता जा. दुखण्याची वाट बघू नका, ते येणारच नाही. पोटरी-मांडी सुजली किंवा श्वास लागला, तर तो वेगळा आणि तातडीचा धोका आहे.

मालिश, शेक, गरम पाण्याची पिशवी, हाड बसवून घेणं, यांतलं काहीही नको. या पायात हाड "बसलेलं नाही" हा प्रश्नच नाही, ते मऊ झालेलं आहे आणि ओढाताणीनं सरकतं. शेकानं बधिर कातडी भाजते, ते फोड उठेपर्यंत कळत नाही.

आता कॅल्शियम. शार्कोचा उपाय कॅल्शियम नव्हे, पण कमतरता असेल तर भरून काढायलाच हवी, नाहीतर जुळायला मालच नाही. २५-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्वाची तपासणी करा. २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर आपल्याकडे बहुतेकदा ६० हजार युनिटचं पाकीट आठवड्याला एक, असे आठ आठवडे देतात आणि मग महिन्याला एक. आठवड्याचं पाकीट वर्षभर चालू ठेवू नका, रक्तातलं कॅल्शियम चढून मूत्रपिंडाला त्रास होतो. कॅल्शियम दिवसाला अन्नासकट १००० मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं, क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, बघून. आपली ज्वारीची भाकरी शुगरला बरी असली तरी तिच्यात कॅल्शियम थोडं, १०० ग्रॅममागे २५-३० मिलिग्रॅम. नाचणीत तेवढ्यात साडेतीनशेच्या आसपास. पिठात तिसरा हिस्सा नाचणी मिसळली तर चवीत फार फरक पडत नाही. दूध-ताक आणि तिळाची चटणी जोडीला.

मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ नक्की तपासा, ते कमी होतं आणि त्यानं नसा आणखी बिघडतात. ही भरून येऊ शकणारी हानी असते, ती सोडू नये. पायोग्लिटॅझोन ही शुगरची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आठवण करा, ती सूज वाढवते आणि विशेषतः बायकांमध्ये हाडं मोडण्याचा धोकाही वाढवते. हाडं ठिसूळ झाल्यावर देतात ती झोलेड्रोनिक ॲसिडसारखी इंजेक्शनं सक्रिय शार्कोसाठी देऊ नयेत, असं २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. त्यानं बरं होण्याचा काळ कमी होत नाही. हाडाची घनता मोजणारी डेक्सा तपासणी नॉर्मल आली म्हणूनही निर्धास्त होऊ नका. टाइप २ मधुमेहात हाडाची घनता चांगली दिसते आणि तरी हाड मोडतं, कारण दोष हाडाच्या गुणवत्तेत, नसांत आणि तोल जाण्यात असतो.

सिंपथेटिक नसांबद्दल वाचून कुणी रक्तदाबाची प्रोप्रॅनोलॉल "हाडासाठी" सुरू करेल, म्हणून सांगतो: करू नका. उंदरांत तिनं हाड वाढलं, माणसांतले निष्कर्ष एकसारखे नाहीत, आणि मधुमेह्यात ती साखर उतरल्याची धडधड-थरथर लपवते. तसंच प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन यांनी मुंग्या आणि जळजळ कमी होते, नस परत उगवत नाही. मुंग्या थांबल्या म्हणजे पाय बरा झाला, असं समजणं धोक्याचं आहे.

शुगर आटोक्यात आणायची, पण घाईनं नव्हे. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ११ वरून तीन महिन्यांत ७ वर ओढलं तर नसांचा त्रास काही काळ उलट उसळतो. बिडी-तंबाखू असेल तर ती आजच थांबवा, रक्तवाहिन्या आवळून ती हाड जुळणं लांबवते.

कामाचं सांगायचं तर मागावरची उभी पाळी हे महिने बंद. मालकांशी बोलून बसून करायचं काम, कांड्या भरणं किंवा माल मोजणं, मिळतंय का बघा. डॉक्टरांकडून "डाव्या पायावर भार पूर्ण वर्ज्य" असं मुदतीसह लिहून घ्या, तोंडी सांगण्यापेक्षा त्याला वजन असतं.

शेवटचा प्रश्न, पुढच्या कोजागरीचा. ४५ किलोमीटर अनवाणी आता नाही, पुढच्या वर्षी नाही आणि त्यानंतरही नाही. बरा झालेला शार्को पाय जुळलेला असतो, जाणता झालेला नसतो. हेच सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतल्या मिरवणुकीला आणि पंढरीच्या वाटेलाही लागू. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात तर देवळाच्या फरशीवरची दहा पावलंही बधिर तळव्याला फोड आणतात, तिथं पहाटे जावं किंवा जाड पायमोजे घालावेत. तुळजापूरला एसटीनं जा. पाय बरा ठरल्यावर, मापाच्या पादत्राणांत, मधे बसत बसत, देवळाजवळचं थोडं अंतर चालता येईल. पायऱ्या उतरताना कठड्याला धरून, एकेक. घरी आल्यावर १५ मिनिटं सावलीत बसून दोन्ही पायांचं तापमान मोजायचं, आणि पुढचे पंधरा दिवस रोज.